श्वासावाटे इन्सुलिन: प्रश्न सुईचा की वेळेचा?

श्वासावाटे घ्यायच्या इन्सुलिनची बातमी आली की वाद ठरलेल्या वाटेनंच जातो. एक बाजू म्हणते, टोचून घेणं संपलं, मधुमेही माणूस सुटला. दुसरी म्हणते, हा प्रयोग २००६ मध्येच होऊन गेला, त्यात जगातल्या बलाढ्य औषध कंपन्यांपैकी एकीनं हात पोळून घेतले, शिवाय आता सुया इतक्या बारीक झाल्या आहेत की टोचल्याचं कळतही नाही. मग फुप्फुसांशी खेळ कशाला? दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलतात, पण उत्तर एकाच चुकीच्या प्रश्नाचं देत असतात. दोघांच्याही लेखी इन्सुलिनची भुकटी म्हणजे सुईला पर्याय, एवढंच. माझं म्हणणं वेगळं आहे. या भुकटीवर संशोधन चालू राहिलं पाहिजे, त्यावर सार्वजनिक पैसाही खर्च झाला पाहिजे, पण सुई टाळता येते म्हणून नव्हे. जेवणानंतरच्या दोन-तीन तासांत निरोगी स्वादुपिंड जे काम करतं, ते त्वचेखाली टोचलेल्या इन्सुलिनला वेळेवर जमत नाही. ते उशिरा पोहोचतं आणि काम संपल्यावरही रेंगाळतं. फुप्फुसांतून गेलेलं इन्सुलिन ही वेळ बरीचशी साधू शकतं. त्याची परीक्षा व्हायची तर ती या मुद्द्यावर व्हावी.

आधी सुईचा मुद्दा निकालात काढू. टाइप १ मधुमेह असलेल्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा माणसाला दोन प्रकारचं इन्सुलिन लागतं: दिवसभर मंद गतीनं पुरणारं एक, आणि प्रत्येक जेवणासाठी वेगळं. आज उपलब्ध असलेली भुकटी फक्त दुसरं काम करते. पहिल्यासाठी त्याला टोचून घ्यावंच लागतं. म्हणजे ‘सुईपासून मुक्ती’ हे आश्वासन टाइप १ च्या रुग्णापुरतं सरळसरळ खोटं आहे, आणि ते देणाऱ्यांनी या विषयाचं नुकसानच केलं आहे. सुईची भीती खोटी आहे असं मात्र मला मुळीच म्हणायचं नाही. ज्यांना इन्सुलिनची गरज आहे असे टाइप २ चे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनूनही पुरेसं न पडणारे, कितीतरी रुग्ण केवळ टोचण्याच्या धास्तीनं निर्णय वर्षानुवर्षं पुढे ढकलतात आणि तोवर डोळे, मूत्रपिंडं, पाय यांची हानी होऊन बसते. या माणसांना भित्रं म्हणून हिणवणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो. पण १९८५ मध्ये आलेलं इन्सुलिन पेन, चार मिलिमीटरच्या सुया, २०२४ मध्ये युरोपात मंजूर झालेलं आठवड्यातून एकदाच घ्यायचं इन्सुलिन हे सारं पाहिलं, तर निव्वळ सुया मोजण्याच्या स्पर्धेत भुकटी जिंकेलच असं नाही. ती स्पर्धाच तिची नव्हे.

सुया मोजण्याच्या नादात काय होतं हे आपण एकदा पाहिलेलं आहे. इन्सुलिन १९२२ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं. सुरुवातीच्या त्या इन्सुलिनचा असर काही तासांतच ओसरे, म्हणून दिवसातून अनेकदा टोचावं लागे. काचेची सिरिंज उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासून धार लावायची आणि पुन्हा तीच वापरायची. १९३६ मध्ये डेन्मार्कचे संशोधक हागेडॉर्न यांनी माशांपासून मिळवलेलं प्रोटामिन नावाचं प्रथिन मिसळून इन्सुलिनचा असर लांबवला. दिवसाला एक टोचणी पुरू लागली. त्या काळच्या रुग्णाला आणि डॉक्टरला हे वरदान वाटलं नसतं तरच नवल! पुढची कित्येक दशकं ‘दिवसाला एक किंवा दोन’ हीच उपचाराची रूढ रीत होऊन बसली. त्याच दशकांत, इन्सुलिनमुळे जगलेली मुलं तिशीत-चाळिशीत पोहोचल्यावर आंधळी होताना, मूत्रपिंडं निकामी होऊन मरताना दिसू लागली. दिवसातून कमी वेळा टोचणं आणि ही हानी यांचा संबंध आहे का, यावर डॉक्टरांत पिढीभर वाद झाला. अखेर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासानं तो मिटवला. १,४४१ रुग्ण, सरासरी साडेसहा वर्षं. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा, किंवा पंपानं, इन्सुलिन घेऊन साखर काटेकोर राखणाऱ्यांमध्ये, सुरुवातीला डोळे चांगले असलेल्यांच्या गटात, दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. रुग्णाची सोय पाहून स्वीकारलेली पद्धत त्याच्याच डोळ्यांवर उठली होती.

पण या अभ्यासाची दुसरी बाजू आपल्या वादात क्वचितच निघते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. काटेकोर गटात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे, म्हणजे दुसऱ्या कुणाची मदत घ्यावी लागेल इतक्या गंभीर हायपोचे प्रसंग तिपटीनं जास्त होते. असं का व्हावं? साखर सुरक्षित पातळीला आणण्याचा प्रयत्न केला की ती खड्ड्यात का जावी? त्या रुग्णांचा हिशेब चुकत होता म्हणून नव्हे. त्यांच्या हातातलं औषधच वेळ पाळत नव्हतं.

निरोगी शरीरात घास पोटात गेल्यावर काही मिनिटांतच स्वादुपिंड इन्सुलिनची पहिली लाट सोडतं. ही लाट थेट यकृताकडे जाते, यकृत रक्तात साखर सोडणं थांबवतं, आणि जेवणातली साखर रक्तात येते तेव्हा तयारी झालेली असते. साखर उतरू लागली की इन्सुलिनचा पुरवठाही लगेच आवरता घेतला जातो. रक्तातल्या इन्सुलिनचं आयुष्य काही मिनिटांचंच असतं. आता त्वचेखाली टोचलेलं इन्सुलिन पाहा. कुपीत इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या आधारानं एकत्र बांधलेले असतात. त्वचेखालच्या चरबीत ते आधी सुटे व्हावे लागतात, मगच केशवाहिन्यांत शिरतात. साध्या मानवी इन्सुलिनचा असर सुरू व्हायला अर्धा तास लागतो, शिखर दोन ते चार तासांनी येतं, शेपूट सहा-आठ तास रेंगाळते. १९९६ पासून आलेल्या जलद इन्सुलिनांनी हे बरंच सुधारलं. तरी असर सुरू व्हायला पाव तास, शिखर तास-दीड तासानं आणि एकूण मुक्काम सुमारे चार तास. जेवणातली साखर मात्र तेवढं थांबत नाही. म्हणून पहिल्या तासात साखर उसळते आणि तिसऱ्या-चौथ्या तासात, जेवण पचून गेल्यावरही इन्सुलिन शिल्लक असल्यानं, ती घसरते.

बाहेरून किरकोळ दिसणारी ही तफावत रुग्णाचा दिवस पोखरते. जेवण समोर येण्याआधी पंधरा मिनिटं इन्सुलिन घ्यायचं, पण जेवण कधी येणार हे आपल्या हाती नसतं. लहान मूल किती खाईल हे आईला आधी कसं कळणार? वाढलेली साखर पाहून धास्तीनं आणखी एक डोस घेतला, की आधीच्या डोसाच्या शेपटीवर तो चढतो आणि दोन तासांनी घाम फुटून हात थरथरू लागतात. संध्याकाळी फिरायला जायचं, तर दुपारच्या जेवणाचं इन्सुलिन अजून अंगात किती आहे याचा अंदाज बांधत निघायचं. पुष्कळ लोक शेवटी मुद्दाम साखर थोडी चढीच ठेवतात. हायपो ज्यानं एकदा रात्री झोपेत अनुभवला आहे त्याला ‘शिस्त पाळा’ असं सांगणं निर्दयपणाचं आहे. बेशिस्तीचा ठपका त्याच्यावर ठेवायचा आणि उशिरा येऊन उशिरा जाणाऱ्या औषधाला काहीच विचारायचं नाही, हा कुठला न्याय?

फुप्फुसांचा विचार इथे सुरू होतो. प्रौढ माणसाच्या वायुकोशांचं एकत्रित क्षेत्रफळ ७० ते १०० चौरस मीटर भरतं. त्यांची भिंत इतकी पातळ की हवा आणि रक्त यांच्यामध्ये एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतर राहतं. शरीरानं वायूंच्या देवघेवीसाठी घडवलेली ही जागा औषधासाठी वापरणं काही आजची कल्पना नव्हे. १८४६ मध्ये ईथरची वाफ हुंगवून बॉस्टनमध्ये जाहीर शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून भूल याच दारानं शरीरात शिरते. इन्सुलिनचाही हा प्रयत्न जुना आहे. पहिल्या इंजेक्शनला तीन वर्षं होतात न होतात तोच, १९२४-२५ मध्ये, जर्मनीतल्या डॉक्टरांनी ते रुग्णांना हुंगवून पाहिलं होतं. तेव्हा फवाऱ्यातलं बहुतेक इन्सुलिन वाटेतच वाया जाई. कारण साधं आहे. पाच मायक्रॉनपेक्षा मोठा कण तोंडात, घशात आणि मोठ्या श्वासनलिकांच्या वळणांवर आदळून चिकटतो. फार बारीक कण श्वासाबरोबर परत बाहेर जातो. एक ते पाच मायक्रॉन या अरुंद पट्ट्यातलाच कण वायुकोशांपर्यंत पोहोचतो. आणि इतक्या बारीक कणांची भुकटी स्वभावतःच एकमेकांना चिकटून गोळे करते, ओलावा लागला की आणखीनच. ती मोकळी ठेवायची, श्वासाच्या एका झोतात उधळायची, आणि तिच्यातल्या नाजूक प्रथिनाचा आकार बिघडू द्यायचा नाही. हे काम किती अवघड आहे याची कल्पना ‘यात विशेष ते काय’ म्हणणाऱ्यांना नसते.

यावर शोधले गेलेले उपाय मला अतिशय सुंदर वाटतात. एक उपाय असा: इन्सुलिनचं द्रावण गरम कोरड्या हवेत बारीक फवारायचं, पाणी उडून जातं आणि काचेसारख्या स्थितीतला कोरडा कण उरतो. अशा कोरड्या अवस्थेत प्रथिनाच्या रेणूंची हालचाल थंडावते, म्हणून ते लवकर खराब होत नाही. १९९७ मध्ये डेव्हिड एडवर्ड्स, रॉबर्ट लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच वाट दाखवली: कण मोठा पण सच्छिद्र आणि हलका केला, तर तो हवेत लहान कणासारखाच तरंगतो, खोलवर जातो, आणि मोठा असल्यामुळे गोळाही कमी करतो. आज वापरात असलेल्या अफ्रेझा या श्वसनीय इन्सुलिनमध्ये तिसरी युक्ती आहे. फ्युमारिल डायकीटोपिपरॅझिन नावाचा एक लहान रेणू आम्लधर्मी द्रावणात आपोआप सूक्ष्म स्फटिक होऊन बसतो, त्यांच्या पृष्ठभागावर इन्सुलिन बसवलं जातं. फुप्फुसातला ओलावा आम्लधर्मी नसतो. तिथे पोहोचताच हे कण क्षणात विरघळतात, इन्सुलिन मोकळं होतं आणि वाहक रेणू पुढे लघवीतून जसाच्या तसा निघून जातो. परिणाम असा की रक्तातली इन्सुलिनची पातळी बारा ते पंधरा मिनिटांत शिखर गाठते, आणि डोसानुसार दीड ते तीन तासांत काम आटोपतं. स्वादुपिंडाची बरोबरी हे करत नाही. फुप्फुसातून गेलेलं इन्सुलिन यकृताकडे थेट जात नाही, साऱ्या शरीरात पसरतं. पण जेवणाच्या चढ-उताराशी त्याची सांगड टोचलेल्या इन्सुलिनापेक्षा कितीतरी जवळची आहे.

आता विरोधकांच्या भात्यातला सर्वांत ठळक बाण: एक्सुबेरा. फायझरच्या या श्वसनीय इन्सुलिनला जानेवारी २००६ मध्ये अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीनं ते मागे घेतलं. २००७ च्या पहिल्या नऊ महिन्यांत विक्री झाली जेमतेम १ कोटी २० लाख डॉलरची, आणि बुडीत खात्यात गेले २८० कोटी डॉलर. पाठोपाठ, २००८ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांतच, नोवो नॉर्डिस्क आणि एलाय लिली या इन्सुलिन बनवणाऱ्या कंपन्यांनीही आपापले प्रकल्प गुंडाळले. हे अपयश खरं आहे, मोठं आहे, आणि त्याला सारवासारव करून लपवण्यात अर्थ नाही. पण त्यातून काय सिद्ध झालं? त्याचं उपकरण उघडल्यावर हातभर लांब होई, चारचौघांत काढायची सोय नव्हती. मात्रा इन्सुलिन मोजायच्या नेहमीच्या युनिटमध्ये नव्हे तर मिलिग्रॅममध्ये होती: १ मिलिग्रॅमची पुडी साधारण ३ युनिटच्या बरोबरीची, तर ३ मिलिग्रॅमची ८ युनिटच्या. म्हणजे एकच्या तीन पुड्या म्हणजे तीनची एक पुडी नव्हे. आयुष्यभर युनिटमध्ये हिशेब केलेल्या माणसाच्या हाती असा फसवा हिशेब देणं धोक्याचंच होतं. शिवाय किंमत जास्त. आणि या सगळ्याच्या बदल्यात मिळत काय होतं? माझ्या मते इथे खरी मेख आहे: एक्सुबेराचा असर जलद इन्सुलिनसारखा लवकर सुरू होई, पण टिकून राही साध्या जुन्या इन्सुलिनएवढा. म्हणजे रेंगाळण्याचा दोष त्यात तसाच होता. टोचणी चुकवण्यापलीकडे त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि तेवढ्यासाठी लोक इतका त्रास सोसायला तयार झाले नाहीत. लोकांचा निर्णय शहाणपणाचा होता. मात्र वेळ पाळणारी भुकटी त्या दिवशी बाजारात नव्हतीच, तेव्हा तिची हार झाली असं म्हणता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, अफ्रेझाचं तरी काय झालं? रास्त प्रश्न आहे. अमेरिकेच्या औषध नियामकानं दोनदा परत पाठवल्यानंतर जून २०१४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. सानोफी या औषध कंपनीनं ते विकायचा करार केला आणि जानेवारी २०१६ मध्ये हात काढून घेतल्याचं जाहीर केलं. उपकरण या खेपेला मुठीत मावणारं होतं, मात्राही ४, ८ आणि १२ युनिटच्या कार्ट्रिजमध्ये होती. तरीही ते मोजक्या लोकांपुरतंच राहिलं. आकडेही डोळे दिपवणारे नाहीत. टाइप १ च्या प्रौढांवरच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी टोचण्याच्या गटात ०.४० टक्केबिंदूंनी उतरलं, श्वसनीय गटात ०.२१ नंच. टोचण्यापेक्षा किती कमी पडलं तर चालेल याच्या ठरवून दिलेल्या मर्यादेत ते बसलं, पण बरोबरीत म्हणता येणार नाही. चार युनिटचा टप्पाही ज्याला एक-दीड युनिटचा फरक जाणवतो अशा माणसाला ओबडधोबड वाटणार. सुमारे चौथा हिस्सा लोकांना खोकला येतो, बहुधा हलका आणि सुरुवातीपुरता, पण काहींनी त्यापायी औषध सोडलं.

हे सगळं मान्य करून मी दोन गोष्टी पुढे ठेवतो. एक, त्याच चाचणीत श्वसनीय गटात हायपो कमी होते आणि वजन वाढलं नाही, किंचित घटलं. जे औषध काम संपल्यावर निघून जातं त्याच्याकडून नेमकी हीच अपेक्षा होती. एचबीएवनसी ही सरासरी आहे. सकाळची उसळी आणि दुपारची घसरण एकमेकींत मिसळून ती छान दिसू शकते. डोळे-मूत्रपिंडांचं भवितव्य तिच्याशी बांधलेलं आहे हे डीसीसीटीनं दाखवलं, म्हणून तिला बाजूला सारता येणार नाही. पण वेळेसाठी बनवलेल्या औषधाला फक्त सरासरीची परीक्षा देऊन नापास ठरवणं हेही बरोबर नाही. दोन, डोसाचा हिशेब. टोचलेलं एक युनिट म्हणजे हुंगलेलं एक युनिट, असं धरून सुरुवात केली की डोस कमी पडतो, हे पुढच्या अनुभवातून स्पष्ट झालं. नंतर १२३ प्रौढांवर १७ आठवडे झालेल्या इनहेल-३ या अभ्यासात सुरुवातीचा डोस वाढवून दिला गेला. तेव्हा एकूण निकाल नेहमीच्या उपचारांच्या तोडीचा आला. त्यात काहींची साखर ठळक सुधारली आणि काहींची ठळक बिघडलीही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. हे औषध सगळ्यांसाठी नाही, काहींसाठी फार चांगलं आहे, आणि ते कोणासाठी हे ओळखायचं शास्त्र अजून तयार व्हायचं आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र बाजाराचा नाही, फुप्फुसांचा आहे. इन्सुलिन पेशींच्या वाढीलाही चालना देतं. ते रोज तीन वेळा, वर्षानुवर्षं फुप्फुसांच्या नाजूक अस्तरावर टाकत राहिलं तर? एक्सुबेराच्या चाचण्यांत औषध घेतलेल्या ४,७४० जणांपैकी सहा जणांना फुप्फुसाचा कर्करोग झाला, तुलनेच्या ४,२९२ जणांपैकी एकाला. ते सहाही जण पूर्वी धूम्रपान करणारे होते. संख्या इतकी थोडी की तिच्यावरून दोषही सिद्ध होत नाही आणि निर्दोषत्वही. अफ्रेझाबाबत दम्याच्या आणि दीर्घकालीन श्वसनरोगाच्या रुग्णांत श्वासनलिका अचानक आवळल्याचं दिसलं, म्हणून त्यांना ते द्यायचं नाही असा ठळक इशारा वेष्टनावर आहे. इतरांनाही आधी, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी श्वासक्षमतेची तपासणी करावी लागते. त्या क्षमतेत थोडी घट दिसते, सुमारे ४० मिलिलिटरची. चाचण्यांत ती सुरुवातीला दिसली आणि पुढे वाढत गेली नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत इन्सुलिन रक्तात जास्त वेगानं शिरतं, त्यामुळे त्यांच्यासाठी डोसाचा सगळा हिशेबच कोलमडतो. या सगळ्याला ‘किरकोळ’ म्हणणारा माणूस या विषयाचा मित्र नव्हे.

पण धोका आहे म्हणून दारच बंद करायचं का? याचं उत्तर दम्याच्या औषधांचा इतिहास देतो. दाबाखालचा खिशातला फवारा १९५६ मध्ये आला आणि दमेकऱ्यांचं आयुष्य बदललं. १९६० च्या दशकात इंग्लंड आणि वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे दम्यानं मरणाऱ्या तरुणांची संख्या अचानक वाढली. तेव्हाही फवाऱ्याकडे बोट दाखवलं गेलं, आणि ते चूक नव्हतं. मात्र संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी देशादेशांतल्या विक्रीची मृत्यूंशी तुलना केली, तेव्हा संशय आयसोप्रेनॅलिन या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या जादा तीव्र फवाऱ्यावर आला. तो जिथे विकलाच गेला नव्हता तिथे अशी लाट उसळली नव्हती. इशारे दिले गेले, वापर घटला, मृत्यूही घटले. १९७२ मध्ये श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड आलं आणि आज तोच मार्ग दम्याच्या उपचारांचा कणा आहे. त्या दशकात घाबरून फवारा हा प्रकारच बंद केला असता तर पुढे किती जीव गेले असते? आणि दुसऱ्या बाजूनं, मृत्यूंच्या नोंदी कुणी नीट ठेवल्याच नसत्या तर? माझा आग्रह त्या नोंदींसाठी आहे. अफ्रेझाला मंजुरी देताना २०१४ मध्ये नियामकानं फुप्फुसाच्या कर्करोगाचा दीर्घकालीन अभ्यास करण्याची अट घातली होती. पण औषध वापरणारेच थोडे असतील तर अशा अभ्यासाला पुरेशी माणसं मिळणार कुठून? वापर नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून वापर नाही. हा फेरा एकट्या कंपनीच्यानं तुटणारा नाही. एकाहून अधिक देशांनी मिळून रुग्णनोंदवही ठेवली, धूम्रपानाचा इतिहास आणि श्वासक्षमता वर्षानुवर्षं टिपली, तरच दहा-पंधरा वर्षांत ठाम उत्तर हाती येईल.

पंप आणि सेन्सर असताना हे कशाला, असंही विचारलं जातं. साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेले इन्सुलिनचे पंप खरोखर अद्भुत आहेत. रात्रीची साखर त्यांनी कित्येकांसाठी निर्धास्त केली. पण तोही पंप इन्सुलिन त्वचेखालीच सोडतो. यंत्राला साखर चढताना दिसते, ते हुकूमही लगेच सोडतं, आणि औषध मात्र आपल्याच चालीनं पोहोचतं. म्हणूनच जेवायच्या आधी यंत्राला सांगावं लागतं की मी जेवतोय. म्हणजे इथेही अडसर औषधाच्या वेगाचाच आहे. पार्श्वभूमीचं इन्सुलिन यंत्रानं सांभाळावं आणि जेवणाच्या वेळी झटपट येऊन झटपट जाणारी भुकटी घ्यावी, ही जोडी मला कुठल्याही एकट्या उपायापेक्षा जास्त आशादायक वाटते.

भुकटी करताना इन्सुलिन वाया जातं, हा आक्षेपही खरा आहे. एक्सुबेरामध्ये टोचण्याच्या तुलनेत दहाच्या आसपास टक्केच रक्तात पोहोचत असे, आजच्या भुकटीतही मोठा भाग वाटेत अडतो. पण इन्सुलिन बनवणं हे त्याच्या विक्रीच्या किमतीवरून वाटतं तितकं महाग नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार एका रुग्णाचं वर्षभराचं मानवी इन्सुलिन ४८ ते ७१ डॉलरमध्ये देता येईल. जगातली ९० टक्क्यांहून जास्त इन्सुलिन बाजारपेठ तीन कंपन्यांच्या हाती आहे. किंमत अडते ती जास्त करून तिथे.

आणि हाच धागा मला या विषयातल्या सर्वांत दुर्लक्षित गोष्टीकडे नेतो. टाइप २ मधुमेहात ज्यांना इन्सुलिनची गरज आहे त्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ते आज मिळत नाही. द्रव इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, आणि कारखान्यापासून रुग्णाच्या हातापर्यंत ही शीतसाखळी टिकवणं जिथे वीज बेभरवशाची आहे तिथे महाकठीण. कोरडी भुकटी हे ओझं हलकं करू शकते. आजची अफ्रेझा इथे कमी पडते, हे स्पष्ट सांगायला हवं: न वापरलेली पाकिटं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, बाहेर काढलेलं बंद पाकीट दहा दिवस चालतं आणि उघडलेली पट्टी तीन दिवस. पण एक्सुबेराची काचेसारखी कोरडी भुकटी फ्रिजशिवाय टिकत होती! म्हणजे वेळ पाळणारी भुकटी बनली आहे, फ्रिजशिवाय राहणारीही बनून गेली आहे. दोन्ही गुण एकाच कणात मात्र अजून आलेले नाहीत. त्यासाठी आरंभापासून शोध लावायचा नाही. १९९० च्या दशकात दाखल झालेल्या मूळ पेटंटांची मुदत उलटून गेली आहे, कण घडवण्याच्या रीती छापून आल्या आहेत, आणि २००७-०८ मध्ये गुंडाळलेल्या तीन प्रकल्पांतल्या हजारो रुग्णांच्या श्वासक्षमतेच्या नोंदी कंपन्यांकडे आहेत. त्या सगळ्या खुल्या करायला लावणं नियामकांच्या हातात आहे. ओलाव्यात मोकळी राहणारी, उन्हाळ्यात महिनोन्महिने टिकणारी, एक युनिटच्या टप्प्यानं मोजता येणारी भुकटी कोणत्याही कंपनीच्या नफ्याच्या गणितात पहिल्या क्रमांकावर येणार नाही, कारण ती ज्यांना सर्वांत जास्त हवी त्यांच्या खिशात सर्वांत कमी पैसे आहेत. विद्यापीठांच्या आणि सरकारी प्रयोगशाळांनी हे काम आता अंगावर घ्यावं, आणि पहिल्या चाचणीपासूनच जेवणानंतरचे तीन तास, हायपोची संख्या आणि फुप्फुसांची दरवर्षीची तपासणी या तिन्ही गोष्टी एकत्र मोजाव्यात.